मोटारीच्या खोलीचं दार

राहू, ता. दौंड
८ जानेवारी २०२४

चि. सीमास,
खंडूमामाचा सप्रेम जयभीम आन् आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. आपल्या बांधाकडनं गॅसची पाइपलाइन गेली, ती आता चालू झाली. तवापासनं बोअरच्या पाण्याला सोड्यासारखे बुडबुडे येत्यात. परवा कंपनीची माणसं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. बाटलीवर सतरा नंबर टाकला. निकाल कवा कळंल विचारलं, तर पंचायतीच्या फळ्यावर लावू म्हणाले. तू सणसवाडीला पाणी तपासायच्याच नोकरीत हायेस. आपली बाटली आली तर भाचीनं जरा लाडानं बघावं, असं तुझी मामी म्हणती.

तब्येतीला जप, आमची याद ठेव.
तुझा मामा

सणसवाडी
१९ जानेवारी

ती. मामा व मामी यांस,
सविनय जयभीम.

बाटली आमच्याच लॅबमध्ये आली. निकाल कंपनीला कळवला आहे. तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, अशी सही रुजू होतानाच घेतली आहे, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. कंपनी महिन्याने पुन्हा नमुना घेईल, असं साहेब म्हणाले. तोवर एक ऐका. मोटारीच्या खोलीचं दार उघडं ठेवत जा. का ते भेटीत सांगेन.

मामीला सांगा, तिच्या हातच्या चहाशिवाय इथे करमत नाही. माया असू द्यावी.
तुमची सीमा

राहू
३० जानेवारी

चि. सीमास जयभीम आन् आशीर्वाद.

दार उघडं ठेवायला सांगितलंस, पण शेजारच्या हनुमंताच्या मोटारीची केबल चोरांनी कापून नेली. म्हणून मी उलट खिडकीलाबी पत्रा मारला आन् दाराला दुसरं कुलूप घातलं. फळ्यावर कागद लागला हाय, नमुने घेतले, तपासणी चालू. बास. नंबर न्हाई, आकडा न्हाई. मामी म्हणती, पोरगी पंख्याखाली राहून मोटारीलाबी वारं घालाया निघाली.

सवडीनं ये. वाट बघतोय.
मामा

दौंड
६ फेब्रुवारी

सीमाताईस मामेभाऊ महेंद्रचा जयभीम.

आबांनी पत्रच लिही म्हणून बसवलंय. रविवारी सकाळी आई कांद्याला पाणी द्यायला गेली. कुलपं काढून आत जाऊन स्टार्टरचं बटण दाबलं, आणि खोलीभर जाळ झाला. पत्रा उडून बांधापलीकडे पडला. आईचं तोंड आणि दोन्ही हात भाजलेत. दौंडहून पुण्याला हलवलंय. दार उघडं ठेवायला सीमाने का सांगितलं होतं, असं आबा विचारतात. मलाही तेच विचारायचंय.

उत्तर लगेच दे.
महेंद्र

सणसवाडी
९ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

पाण्यात गॅस होता. बोअरच्या तोंडातून तो बंद खोलीत साठतो आणि ठिणगीने पेटतो, हे मला ठाऊक होतं. कुलपाचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी निघायला हवं होतं. दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन कामावर गेले. नोकरी जाईल या भीतीने.

सोबत पाइपलाइनच्या बाजूच्या सगळ्या बाटल्यांचे निकाल पाठवते. आणखी दोन बोअरमध्ये गॅस आहे. ग्रामसभेत वाचा. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

काही मागायचा हक्क उरलेला नाही.
सीमा

राहू
४ मार्च

चि. सीमास जयभीम.

महेंद्रनं सभेत कागद वाचला. ते दोन बोअर दगडाबाई आन् भिमाजीचे, त्यांच्या मोटारीच्या खोल्यांची दारं लोकांनी त्याच सांजेला काढून ठेवली. कंपनीनं लाइन बंद करून खोदलं, तर सांधा झिरपत होता. निकाल फळ्यावर लागल्याबिगर लोकांनी कंपनीच्या साहेबाला जाऊ दिलं न्हाई. तुझी नोकरी गेल्याचं कळलं. वाईट वाटलं.

मामीला घरी आणलंय. बोटं मिटत न्हाईत, मी भरवतो. कागद कुठनं आला, तिनं विचारलं. मी तुझं समदं सांगितलं. तवा म्हणाली, "तिला एक ओळ जास्ती लिहाया आली नसती का?"

तिचं बोलणं हाय तसं लिहिलंय.

आशीर्वाद हायेत. पण इतक्यात येऊ नको. मी कळवीन, तवा ये.
मामा