दुसरा ठिपका

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' लिहायचं हे बाबांनी आपल्याकडून घोटून घेतलं होतं. बहुतेक पत्रांत विनंती नसते आणि विशेषही काही नसतं. या वेळी दोन्ही आहे, पण विनंती कोणत्या शब्दांत करावी ते अजून सुचत नाही. म्हणून आधी खुशाली. मी बरा आहे. चष्म्याचा नंबर वाढला. घरी सगळं ठीक. तू परवा फोन केलास तेव्हा बायको बाहेर गेली होती, त्यामुळे तुमचं बोलणं राहिलं.

हे फोनवरच का विचारलं नाही, असं म्हणशील. फोनवर तू "बरं, जेवलास का?" म्हणून विषयावर झाकण ठेवतेस. पत्र फार तर न वाचता ठेवून देता येतं.

पत्रास कारण, डबा.

हो, तोच. आमच्या संग्रहालयात पुढच्या महिन्यात एक प्रदर्शन आहे: न चाललेली खेळयंत्रं, व्हिडिओ गेमची. कल्पना संचालकबाईंची. जिंकलेल्यांची प्रदर्शनं सगळेच भरवतात, आपण आपटलेल्यांचं भरवू, असं त्या म्हणाल्या. माझं काम नेहमीचंच. प्रत्येक वस्तूखाली साठ शब्दांची पाटी, आणि शेवटच्या वाक्यात ती का चालली नाही याचं कारण.

काम सुरू केलं तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. एका यंत्रात डोळे खुपसून बघायचं, आत सगळं लाल आणि काळं, खेळणाऱ्याचं डोकं दुखायचं. एकाची किंमत ऐकूनच आईबाप दुकानातून बाहेर पडायचे. एक तर ठरल्या तारखेच्या कितीतरी आधीच बाजारात आणलं, बऱ्याच दुकानदारांना पत्ताच नाही; ते असे चिडले की काहींनी ते दुकानात ठेवलंच नाही. या पाट्या मी भराभर लिहिल्या. पण नंतर वाचताना मला स्वतःचाच संशय आला. याच्याहून महाग यंत्रं चाललेली आहेत. याच्याहून डोकं उठवणारे खेळ लोकांनी डोक्यावर घेतलेले आहेत. बुडाल्यानंतर कारण सांगणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ढग दाखवणं. मग माझ्या शेवटच्या वाक्याला अर्थ काय?

आपलं तपकिरी यंत्रही आलंय. आपलं म्हणजे त्याच जातीचं. टेबलावर बघून मी जरा वेळ उभाच राहिलो. खेळांच्या कंपन्या धडाधड बसल्या, दुकानदारांनी कॅसेटी टोपल्यांत ओतून मातीमोल भावाने काढल्या, त्या पडझडीत बाबांच्या हाती ते लागलं होतं. दोन खेळ आणि एक कंट्रोलर. दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यायचा होता, आणि आपण तो घ्यायला गेलो तोवर कंपनीच उरली नव्हती. मग एकाच कंट्रोलरवर आपण दोघं. डावी बाजू तुझी, उजवी माझी. तू पळवायचीस, मी उडी मारायचो. "शेपट्या, उडी!" असं तू ओरडायचीस, मी हटकून उशीर करायचो, आणि दोघं मिळून खड्ड्यात. आई म्हणायची, दोघांना मिळून एकच डोकं दिलंय आणि तेही खड्ड्यात घालतात.

आता डबा. तुमच्या कंपनीने त्याला मोठं चकचकीत नाव दिलं होतं, पण तू घरी पहिल्यापासून डबाच म्हणायचीस. तीन वर्षं तू ते यंत्र बनवण्यात खपलीस आणि बाजारात तो वर्षभरही टिकला नाही. कंपनी बंद पडल्यावर तू आठवडाभर घरी आलीस. जो येईल तो विचारायचा, का गं बुडालं? मामा जेवताना म्हणाले, "म्हणजे डबा गुल!" सगळे हसले. तूही हसलीस आणि मीठ मागितलंस. त्यानंतर तू लिफ्टची बटणं बनवणाऱ्यांकडे लागलीस आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. एकही डबा तू कधी घरी आणला नाहीस. तो चालतो कसा हे मी आजवर पाहिलेलं नाही.

आता एका संग्राहकाच्या माळ्यावरून आमच्याकडे तीन डबे आलेत. पुस्तिका एकाचीही नाही. आमचे दुरुस्तीवाले, ज्यांना सगळे डागकाका म्हणतात कारण ते दिवसभर कुठल्या ना कुठल्या तारेला सोल्डरचा डाग देत असतात, त्यांनी तिन्ही तपासले. निकाल: तिन्हींत एकच दोष. सुरू होतात, काळ्या पडद्यावर दोन करडे ठिपके येतात, कंट्रोलर धरला की त्यातला एक उजळतो, आणि पुढे काही नाही. सगळं तिथेच अडकतं. त्या काळच्या एका मासिकात डब्याचं परीक्षण सापडलं, त्यातही हेच: 'आमच्याकडे आलेलं यंत्र बिघडलेलं निघालं, बदलून घेतलं, तेही तसंच.'

संग्राहकाने तीन वेगवेगळ्या घरांतून गोळा केलेली यंत्रं, आणि श्वास तिघांचाही नेमका एकाच जागी अडकावा, हे मला पटत नाही. डागकाकांना पटतं. त्यांच्या मते एकाच साच्यातल्या वस्तू एकाच जागी मोडतात.

पाट्या महिनाअखेरीस छापायला जातील. तुझ्या पाटीवर 'सदोष निघाल्यामुळे' असं लिहायला हात धजत नाही. तू बहीण आहेस म्हणून धजत नाही, की खरंच शंका आहे म्हणून, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. म्हणून विचारतो. दोष कुठे होता? दोन ओळी पुरतील.

तुझा भाऊ


२६ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलं होतं, असंही नाही. हे पत्र उत्तर मागायला नाही. जे घडलं ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

मंगळवारी दुपारी डागकाका जेवायला गेले होते. मी त्यांच्या खोलीत एकटाच डब्यासमोर बसलो. दोनपैकी एक कंट्रोलर हातात घेतला. किती साधा आहे तो! दोन टोकांना दोन पितळी पट्ट्या, मध्ये एकच बटण. दोन्ही हातांनी दोन्ही पट्ट्या धरल्या की डावीकडचा ठिपका उजळतो. धरून बसलो. काही नाही. कंटाळून हात काढले, तर ठिपका हळूहळू पुन्हा करडा झाला.

तिथे मी थांबलो. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. अडकलेल्या यंत्राला माझे हात सुटल्याचं कळायला नको. याला दर वेळी कळत होतं. म्हणजे ते अडकलेलं नव्हतं. ते काहीतरी व्हायची वाट बघत होतं.

डागकाका परत आल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही तपासणी कशी केलीत? ते म्हणाले, रीतसर. आधी पहिला कंट्रोलर, मग दुसरा. दोन्ही ठणठणीत. पहिल्याने डावा ठिपका उजळतो, दुसऱ्याने उजवा.

"दोन्ही एकदम धरून पाहिलेत?"

"मला हात किती आहेत?" काका म्हणाले.

मग काकांनी हात पुसले, स्टूल ओढलं, आयुष्यात कधी असलं काही खेळलो नाही असं बजावलं आणि पहिला कंट्रोलर धरला. मी दुसरा. दोन्ही ठिपके उजळले, एकमेकांकडे सरकले, एक झाले, आणि पडदा हिरवागार झाला.

पुढचं तुला मी काय सांगणार? तूच केलेलं आहेस. पण सांगतो, कारण मी ते पहिल्यांदा पाहत होतो. एक प्राणी आला. ना धड मांजर, ना धड खार, अंगापेक्षा शेपूट मोठी. पुढचं धड पहिल्या कंट्रोलरकडे, शेपूट दुसऱ्याकडे. धड पळतं. उडी फक्त शेपटीला मारता येते.

काका पळत सुटले. पुढे खड्डा आला. त्यांनी ओरडून सांगितलं, "अहो, मारा की उडी!" मला काही दिसत नव्हतं, कारण चष्म्यावर वाफ धरली होती, आणि ती कशाने ते मी काकांना सांगितलं नाही. आम्ही खड्ड्यात पडलो. मग पुन्हा. आणि पुन्हा. आमचा आवाज ऐकून संचालकबाई वर आल्या. दोन पोक्त माणसं एका शेपटीवरून भांडताहेत हे पाहून त्या म्हणाल्या, आता मला बसू द्या.

तर डबा सदोष नव्हता. मग तो बुडाला का? गेले चार दिवस मी याचाच विचार करतोय. लोकांनी तो विकत घेतला, घरी नेला, आणि नवी वस्तू माणूस आधी एकट्यानेच उघडून बघतो तसा उघडला. एक ठिपका उजळला, दुसरा नाही. त्यांनी तो दुकानात परत केला. परीक्षण लिहिणाराही टेबलाशी एकटाच बसला असणार. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं असेल, पण पुस्तिका कोण वाचतं? डागकाका म्हणाले, "पडद्यावर एक ओळ टाकली असती तर निभावलं असतं. 'दुसऱ्याला बोलवा.' संपलं. एवढी हुशार बाई, तिला ही ओळ सुचली नाही?"

मी बहीण असल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझा भाऊ असल्याचं, म्हणायचंय मला. बघ, लिहितानाही गडबडतोय.

ती ओळ तुला का सुचली नसेल, याचा माझ्यापाशी एक अंदाज आहे. चुकीचा असला तर सांग. तू पडद्यासमोर बसलीस आणि शेजारी कोणी नाही, असं लहानपणी कधी झालंच नाही. मी असायचोच. अभ्यासाला बसवलं तरी सुटून यायचो. मला कधी हाक मारावी लागली नाही, म्हणून कोणाला ती मारावी लागत असेल, हे तुझ्या ध्यानातच आलं नसावं. यंत्र बनवताना तू बाकी सगळं तपासलं असशील. ही एक गोष्ट तपासायची असते हे शेपूट असलेल्या माणसाला कळायचं कसं?

हा दोष म्हणायचा का? मला ठरवता येत नाही. आणि ठरवता येत नाही याचं, खरं सांगतो, मला बरं वाटतं.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात मी चुकीची लिहिली. बायको बाहेर गेली होती, असं लिहिलं. त्याच्या आधीच्या फोनलाही हेच सांगितलं होतं. ती बाहेर गेलेली नाही. म्हणजे गेलीच आहे, पण परत यायला नाही. उन्हाळ्यापासून ती तिच्या बहिणीच्या शहरात राहते. तिथे तिने नोकरीही धरली. भांडण झालं नाही. मारझोड, व्यसन, दुसरं कोणी, यातलं काही नाही. असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. ज्याला कळतं तो विचारतो, का रे, काय झालं? आणि त्यालाही ते साठ शब्दांत हवं असतं. मी प्रत्येकाला वेगळं कारण देतो. प्रत्येक कारण थोडं खरं आहे, आणि सगळी एकत्र मांडली तरी त्यांतून ती ज्या संध्याकाळी गेली ती संध्याकाळ उभी राहत नाही.

एकाने गेल्या आठवड्यात फार प्रेमाने विचारलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, चहा घेणार का? आणि ते म्हणतानाच मला तुझं मीठ आठवलं.

आम्ही दोघं एका घरात, आपापल्या खोलीत, आपापला ठिपका धरून बसलो होतो. आता दुसरा येईल, असं दोघांनाही वाटत होतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं, फार जुळून आलंय म्हणून. जुळून आलेल्या वाक्यांवर माझा भरवसा नाही. पोटापाण्यासाठी मी तीच लिहितो. पण याहून खरं दुसरं सापडेना, म्हणून राहू देतो.

डब्याची पाटी झाली. साठ शब्द लागले नाहीत. 'या यंत्रात बिघाड नाही. ते एकट्याने सुरू होत नाही. शेजारी जे कोणी उभं असेल त्यांना बोलवा.' कारणाचं वाक्य मी लिहिलंच नाही. संचालकबाईंनी ते चालवून घेतलं. डबा काचेच्या पेटीत न ठेवता टेबलावर ठेवायचं ठरलंय, समोर दोन स्टुलं. राहिलेल्या दोन डब्यांचे सुटे भाग काका जपून ठेवणार आहेत. त्यांच्या मते हा आता खूप वापरला जाईल.

प्रदर्शन पंधरा नोव्हेंबरला उघडतं. सकाळी दहाला दारं उघडतात, पण आम्ही नऊलाच येऊन सगळं लावून ठेवतो. त्या एका तासात खोलीत बाहेरचं कोणी नसतं.

काका माणूस चांगला, पण त्यांना पळता येत नाही, खड्डा दिसला की थांबून विचार करतात. मी अजूनही उडी उशिराच मारतो. घरी तुझ्यासाठी खोली आहे. आता दोन आहेत.

सुरुवातीला म्हटलं होतं ती विनंती आता करतो. पडद्यावर टाकायला हवी होती तशी, एका ओळीत.

ताई, मी एकटा आहे. तू ये.

डावी बाजू धरून ठेव.

तुझं,
शेपूट