शेरा : वरीलप्रमाणे

४ ऑगस्ट १९७३
आलो एकदाचा. जन्म मालवणचा, चालायच्या आधी पोहायला शिकलो, आणि सरकारनं लाटा मोजायला धाडलं कुठं, तर नागपूर जिल्ह्यात. गावी कळवलं तर हसून लोळतील. पण जागा झकास आहे. कन्हानच्या काठावर उंच जोत्यावर दगडी चौकी, एक खोली, पुढं पडवी, पडवीत फोन. खाली नदीत आडवा कातळ आहे. पुराचं पाणी त्यावर चढतं आणि तिथंच लाट उभी राहते. लाटेपलीकडच्या डोहात मासळी मुबलक, म्हणून इथले ढिवर, म्हणजे नदीवरचे कोळी, आपले डोंगे थेट लाटेवरून घालतात. मी रोज पाण्याची पातळी, लाटेची उंची आणि उद्याचा अंदाज रजिस्टरात लिहायचा आणि नागपूरच्या कचेरीला फोनवर सांगायचा, एवढंच काम.

लग्नाला तीन महिने झाले. सुमती अजून लकडगंजला माहेरीच आहे. चूल मांडून झाली की तिला आणीन. तिच्यावाचून करमत नाही, हे इथं लिहायला हरकत नाही.

६ ऑगस्ट
लाटेशी ओळख झाली. करून दिली नत्थू ढिवरानं. वस्तीत त्याच्याइतका तरबेज नावाडी नाही. पाण्याची पातळी चौदा फुटांवर असली की लाट डावीकडे, कमरेएवढी, गुळगुळीत, नवख्यानंही जावं. सतराला ती दोन ठिकाणी फुटते आणि मधे जेमतेम डोंग्याएवढी वाट राहते. तिथं फक्त नत्थूनं उतरावं. एकोणीसला कातळ दिसेनासा होतो, लाट उलटी वळते, आणि नत्थूसुद्धा काठावर बसून विडी ओढतो.

माझ्या आधीच्या मनोहररावांनी ‘उद्याचा अंदाज’ हा रकाना सहा वर्षं कोराच ठेवलाय. का, ते नत्थूला विचारलं. तो म्हणाला, “पाण्यानं जे केलं थेच लिवा, सायेब. उद्याचं लिवून ठेवसान, तर पाणी थेच करून दाखवते.”

कामचुकारपणाला याहून छान सबब ऐकली नव्हती. कचेरीतले महादेवराव कोऱ्या रकान्यावरून फोनवर करवादले, तेव्हा मी तो भरून टाकला.

१० ऑगस्ट
चार दिवस, चार अंदाज, चारही इंचाबरहुकूम. महादेवराव म्हणाले, असा माणूस खात्यात पाहिला नाही. मी म्हटलं, समुद्राकाठचं पाणी आहे हे. नत्थू मात्र हल्ली चौकीवर येत नाही. रुसला असेल.

१३ ऑगस्ट
वाईट दिवस. पातळी सतरा फूट नऊ इंच, लाट पाच फूट. वरच्या अंगानं एक अनोळखी माणूस ओंडक्याला धरून वाहत आला, कातळावर आपटला आणि दिसेनासा झाला. नत्थूनं लगेच डोंगा घातला, पण हाती काही लागलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘एक इसम वाहून गेला.’ जेवण गेलं नाही.

उद्या सुमतीला आणायला निघतोय. रजा नामंजूर झाली, पण पुढच्या तीन दिवसांच्या ओळी आजच भरून ठेवल्या. आभाळ तेच, पाणी तेच. पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत रेघ ओढून तिन्ही ओळींत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. कचेरीत सगळे हेच करतात. फोन लकडगंजहून करीन, कोणाला कळतंय.

१६ ऑगस्ट, सकाळी दहा
सुमतीला घेऊन आलो. पायरीवर नत्थूची बायको भीमाबाई बसली होती. रडत नव्हती.

म्हणाली, “तुमी गेले तवापासून पाणी हाललंच नाही, सायेब. तीन दिस एकच लाट उभी हाये.”

चौदा तारखेला वस्तीतली यमुताई वाहून गेली. घोटाभर पाण्यात भांडी घासत होती. पंधराला नत्थू. तो डोंग्यातही नव्हता, काठावर जाळं विणत बसला होता.

रजिस्टर उघडलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. रेघ ओढताना मी तो पाहिलाच नव्हता. रोज एक इसम. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

मी मारलं त्यांना. आणि आजची ओळ अजून खरी व्हायची बाकी आहे.

साडेअकरा
भीमाबाईच्या पाया पडलो, वस्ती टेकडीवर न्यायला सांगितलं. काही न विचारता सगळे गेले. सुमती ऐकत नाही. तिला लाट बघायचीय, भीमाबाईमागं जायचंय. टेकडीची वाट अर्धा मैल नदीकाठानंच जाते, तिला कशी पाठवू? चौकी पाण्यापासून चाळीस फूट उंच, खोलीला नदीकडे खिडकी नाही. तिला आत घातलं, बाहेरून कुलूप लावलं. आतून ओरडली, “मले काहून कोंडून राहिले तुमी?”



दीड
आजची ओळ खोडली. शाई वाळली आणि अक्षरं वर आली. पान फाडून चुलीत घातलं. पुढच्या कोऱ्या पानावर त्याच ओळी, माझ्याच अक्षरात.

तीन
खाली गेलो. पाण्यात उतरलो. एक इसम हवा ना, मला घे म्हटलं. पाणी मागं सरलं. जिथं पाय ठेवला तिथं कोरडी वाळू. कातळापर्यंत चालत गेलो. लाट माझ्यापासून हातभर दूर उभी. फेसाचा एक थेंबही हलत नव्हता.

मला नेत नाही. लिहायला कोणीतरी लागतं —

चार
  आत्ता सुमतीनं आतून विचारलं, खोलीत पाणी कुठून आलं.

वाकून पाहिलं. खाली नदीतल्या मोजपट्टीवर पातळी सतरा नऊच. पडवी कोरडी.

चार वीस
किल्ली फिरते, कुलूप उघडत नाही. कुऱ्हाडीनं दाराला ओरखडाही नाही. आत तोच आवाज, कातळावरचा. ती म्हणते छातीपर्यंत — खाटेवर चढ म्हटलं — खाट तरंगते म्हणते —

दाराखालून फेस

पावणेपाच
आता हाक येत नाही. सुमती. सुमती.

रजिस्टर भिजलं, शाई धरत नाही. इथंच लिहितो. जे लिहिलं ते करतं ना. मग कर —

उद्या, १७ ऑगस्ट. पातळी चार फूट. लाट नाही. कातळ उघडा. शेरा : सुमती सुखरू —