सृष्टीची पहिली यादी

प्रिय सृष्टी,

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. त्याला निदान मध्येच तोडता येत नाही. अक्षर हलल्यासारखं दिसलं तर तिकडे लक्ष देऊ नकोस, अंगदने आणलेलं पेन फार हलकं आहे. तुझ्या चुलत्याच्या या पोराला पेनसुद्धा निवडता येत नाही.

तुझी आई सांगत होती, नाशिकच्या नोकरीतून साठवलेले पन्नास हजार तसेच पडून आहेत आणि तुझा गेमिंग कॉम्प्युटर अजून जुळलेला नाही. "आप्पा एकदा बरोबर म्हणाले की सामान घेते," असं तू तिला म्हणालीस म्हणे. मला हसू आलं. तेवीस वर्षांची बाई, स्वतः कमावते, आणि बापाच्या एका शब्दावाचून तिचं घोडं अडलंय. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. राहात्यात दुकान टाकून सत्तावीस वर्षं झाली, डिग्रीवाले पण माझ्यापुढे खोकं ठेवून उभे राहतात. मग घरातलीने विचारलं तर त्यात नवल काय.

उन्हाळ्यात तुझी पहिली यादी आली. एका पानावर सहा वस्तू आणि प्रत्येकीपुढे ती का घ्यायची त्याचं कारण. मी लाल पेनाने त्यावर 'चूक. पुन्हा कर' लिहिलं आणि परत पाठवली. कुठे चुकलं ते लिहिलं नाही. मला कोणी लिहून दिलं होतं? साखर कारखान्याच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी उघडला तेव्हा दहावीच्या पुढचं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. पुठ्ठ्यावर आतलं चित्र काढलं, जिथला स्क्रू तिथेच पुठ्ठ्यात टोचला आणि सगळं तसंच्या तसं परत बसवलं. तो पुठ्ठा अजून दुकानात गणपतीच्या फोटोखाली आहे. तुझी दुसरी यादी आली, तीही तशीच परत गेली. तिसऱ्या यादीत तू रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घातलंस आणि त्याचे पैसे निघावेत म्हणून एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबाच, हलका केलास. मला काय आवडेल ते तू शोधत होतीस. ती यादी खरोखर वाईट होती. घाबरलेल्या माणसाने जुळवलेलं मशीन कसं असतं ते तिच्यात दिसत होतं. चौथी आली नाही. दिवाळीला तूही आली नाहीस. चकल्या अंगदने संपवल्या.

पहिल्या यादीची झेरॉक्स मी ठेवली होती. ती आत्ता समोर आहे. प्रोसेसर तू मागच्या पिढीतला घेतलास, त्यामुळे बोर्ड स्वस्तात पडतो आणि वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळतो. गेम कार्डावर चालतो, हे शहाणपण तुला कोणी दिलं ते तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. रॅम एक मोठी न घेता आठ-आठ जीबीच्या दोन लिहिल्यास, आणि कंसात 'दुसरा व चौथा खाचा' असं लिहून खाली रेघ मारलीस. रेघ कोणासाठी होती ते मला कळतं.

तू बारा वर्षांची होतीस. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि तू दोन रॅम एक खाचा सोडून बसवल्यास. मी सगळ्यांदेखत त्या उपसायला लावल्या. "पंगतीत पाट एकाला एक लागून मांडतात, मधली जागा काय भुतासाठी ठेवलीस?" असं म्हणालो. लोक हसले. तू पहिल्या-दुसऱ्यात बसवल्यास आणि आत निघून गेलीस. बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका मी पुढे तीन वर्षांनी वाचली. तीत दुसरा आणि चौथाच दिलाय, तरच दोन्ही रॅम जोडीने चालतात. तोवर किती मशीनं मी हळू करून दिली त्याचा हिशेब मला करायचा नाही. पण त्या दिवशी गिऱ्हाईक समोर होतं, हे तुलाही समजायला हवं.

कार्ड तू जुनं, वापरलेलं घेतलंस आणि लिहिलंस, 'पंख्याचा आवाज ऐकून घेणे'. हा टोमणा मी ओळखला. पुणतांब्याच्या केशरबाईंनी नवीन कॉम्प्युटरची पूजा केली होती. ट्रॅक्टरला करतात तशी, हळद-कुंकू, नारळ, वरून अक्षता. दुसऱ्या दिवशी टकटक आवाज सुरू. मी दोनदा उघडून बंद केला. तू दहा वर्षांची, कान लावून म्हणालीस, "आप्पा, तांदूळ वाजतोय." मी तुला चहा टाकायला आत पिटाळलं आणि मग कार्डाच्या पंख्यातून अक्षता झटकल्या. केशरबाई अजून सगळ्यांना सांगतात, "वाल्मिकभाऊंचा कान लई तिखट हाय." मी कधी नाही म्हटलं नाही.

सगळ्यात जास्त लक्ष तू एसएमपीएसवर दिलंस, गिऱ्हाईक ज्याचं नावसुद्धा विचारत नाही त्यावर. कारण लिहिलंस की थ्री फेज वीज आली की शेतातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा डोळे मिचकावतो. नाशकात तुझ्या खोलीखाली कुठल्या मोटारी आहेत? यादी तू तुझ्यासाठी केलीस पण मनात हे दुकान होतं. कॅबिनेट साधं, दिवे नाहीत, पुढे बारीक जाळी, म्हणजे गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी आत जाणार नाही. दुकानातलं स्टूल मी तुझ्याऐवजी अंगदला का दिलं, असं तू एकदा आईला विचारलं होतंस. पोरीच्या हातचं मशीन असलं की गिऱ्हाईक मागून दुसरीकडे दाखवून आणतं, म्हणून. अंगदच्या हातात कसब नाही, पण मिशी आहे.

आता मुद्द्याचं. पुणतांब्याचा एक पोरगा, कल्याण, श्रावणात आला होता. कमी पैशात गेमिंग मशीन पाहिजे, म्हणाला. मी त्या झेरॉक्सवरून जशीच्या तशी जुळवणी करून दिली, काना-मात्रा न बदलता. यादी माझीच, असं त्याला सांगितलं. मशीन असं पळालं की गावातली पोरं बघायला आली. गेल्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला. "मामा, कोपरगावला गेम खेळायचं पार्लर टाकतोय. असलीच आठ मशीनं पाहिजेत, गुढीपाडव्याला उद्घाटन हाय. पर हात तुमचाच लागला पाहिजे, अंगदचा न्हाई." मी होय म्हणालो. सामान आलंय. सोमवारी पहिला प्रोसेसर खाच्यावर धरला आणि तो हातातून निसटला. पाच पिना वाकल्या. शिसपेन्सिलीच्या टोकाने दिवसभर सरळ करत बसलो, चार झाल्या, पाचवी तुटली. पेन हलकं नाही, सृष्टी. दसऱ्यापासून उजवा हात थांबत नाही. नगरचे डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार, वाढेल कदाचित. दुकानात कोणाला माहीत नाही, मी हात खिशात ठेवतो.

तू शनिवारी ये. बसने आलीस तर स्टँडवर उतरू नकोस, अलीकडे उतर आणि मागच्या बोळातून ये. आतल्या खोलीला मी ताडपत्रीचा पडदा लावून घेतलाय, टेबल आणि दिवा आत ठेवलाय, स्क्रू पुठ्ठ्यावर लावून ठेवतो. तू आत बसायचं, मी बाहेर बसेन, आणि गिऱ्हाईक असलं तर खोकायचंसुद्धा नाही. कॅबिनेटवर चिठ्ठी माझ्या नावाची लागेल. तुझ्या यादीबद्दल जो शब्द तुला पाहिजे तो मी या पत्रात लिहिलेला नाही, तू उलटसुलट वाचलंस तरी सापडणार नाही. आठवं मशीन सुरू झालं की तो तुला सांगेन, आत येऊन, पडदा ओढून.

तुझी वाट बघणारा, तुझाच
आप्पा