गाठीच्या आडवाटा

प्रिय गुंड्या,

तू पाठवलेले शोधनिबंध वाचले. हल्ली एका बैठकीत वाचणं होत नाही, पण वाचले. शेवटच्यातला आलेख तू स्वतः नव्याने काढलास, हे लगेच ओळखलं. ठिपके पिवळे करायची तुझी खोड काही जात नाही. एक बँक बुडाली तर तिच्यामागे कुठल्या कुठल्या जातील, हे शोधणारा माणूस आता माझ्या पेशींमधल्या प्रथिनांच्या जाळ्यात डोकं खुपसून बसलाय. मला हसू येतं आणि जीवही तुटतो.

जाळ्यांचं हेच गणित आपण एका टेबलावर शिकलो. तू म्हणायचास, बँका काय, संगणक काय, पेशी काय, शेवटी सगळे ठिपके आणि रेघाच. मी चिडायचे. अरे, पेशीला जगायचं असतं, एक रेघ तोडली की ती दुसरी शोधते, असं मी म्हणायचे आणि तू मला ‘पेशीवाली बाई’ म्हणून घरभर चिडवत फिरायचास. पुढे मी प्रयोगशाळेत तेच करत राहिले: कुठलं प्रथिन बंद पाडलं तर कर्करोगाच्या गाठीचं सगळं जाळं कोसळेल?

मग मलाच गाठ झाली आणि तसलंच एक प्रथिन बंद पाडणारी गोळी मला दिली. सुरुवातीला गाठ अशी झरझर आटली की डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. आईने शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. मग गाठीने आडवाट काढली. दुसऱ्या औषधाने ती अडवली, तर तिने आणखी एक काढली. या निबंधांवरून तू सुचवलेलं प्रथिन मीही तपासून पाहिलं. माझ्या हृदयाचंही त्याच्यावाचून चालत नाही रे. ते बंद केलं तर गाठीच्या आधी मीच जाईन. तुझं गणित चुकलेलं नाही. जाळंच तसं आहे.

मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आता पुरे करू या. त्यांनी वाद घातला नाही, नुसत्या चष्मा पुसत बसल्या. त्यातच मला कळायचं ते कळलं.

आईला वाटतंय, गुण येतोय म्हणून दवाखान्याच्या खेपा थांबल्या. काल ती माझ्या कोटाची सैल बटणं घट्ट करत होती, थंडीत लागेल म्हणून. सांगायला मी तोंड उघडलं आणि दोऱ्याचा रंग छान जुळलाय, एवढंच म्हणाले.

म्हणून हे पत्र. आता काही शोधू नकोस, पाठवू नकोस. रजा टाक आणि ये. आईला सांगायचं माझ्याच्याने होत नाही, तू सांग. स्वयंपाकघरात बसव, हात धर आणि सांग. ती विचारेल, काहीच उपाय नाही का रे, तुम्ही दोघं इतकं शिकलात ना? तेव्हा नाही म्हण. नुसतं नाही. समजावत बसू नकोस. मी पलीकडच्या खोलीत जागी असेन. तिचं रडून झालं की मला हाक मार.

तुझीच,
ताई