यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका

…शटर कमरेएवढं वर केलं, वाकून आत गेले, केर काढला, काउंटर पुसला. लोक तासावर खेळायला येतात ते कंट्रोलर एकेक करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, वायरी सरळ केल्या. मग काउंटरवरचं माझं मशीन सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात यांचं नाव होतं आणि नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे हे उठले, मागच्या खोलीत उशीला टेकून खेळायला बसले. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि हात तिथेच राहिला. हे जाऊन तोवर एक अख्खा उन्हाळा उलटला होता.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. मी म्हटलं, माझ्या मृत्युपत्राची हीच आहे, पुढचं तुमच्या पद्धतीने लिहिते.

तर रीतसर. मी, खाली सही करणार, गेमची मशीनं दुरुस्त करणारी आणि तेच काम करणाऱ्याची विधवा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर आपल्या मनाने लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मन ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. मी म्हटलं, दुकान बंद आहे म्हणजे सोमवार. ते म्हणाले, एवढं पुरे.

दुकान आणि त्यामागची राहती खोली मी माझ्या थोरल्या मुलीला देते. ती आज माझ्या शेजारी बसून फोन उघडते, तिचा हात यांच्यासारखा हलका आहे. मुलाला वाटायला नको की आईने बहिणीला झुकतं माप दिलं. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी वाटावी, आणि खोलीत त्याचं अंथरूण कायम राहावं. तो केव्हाही आला तरी “येणार होतास ते कळवायचं नाही का” असं थोरलीने म्हणू नये. ती म्हणते, म्हणून लिहिलं.

हत्यारांचा डबा थोरलीचाच. वायरींना डाग द्यायचं पेन जुनं आहे, त्याची मूठ यांच्या अंगठ्याने झिजली आहे. ती बदलू नये, चांगली बसते. दुकानात कुणालाही गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारू देऊ नये. फुंकरीने गेम लागतो ही समजूत आहे, लागतो तो काढून परत घातल्याने, आणि थुंकीने मात्र आतली पट्टी गंज धरते. हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आले. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन फुंकतात.

थोरलीसाठी आणखी थोडं, कारण धंदा तिला करायचा आहे. नवीन मशीनं येतात ती डिंकाने चिकटवून येतात. स्क्रू नाही, फट नाही. बनवणाऱ्याला वाटतं की आपण उघडू नये. जी वस्तू मालकाला उघडता येत नाही ती अर्धीच त्याची, असं माझं मत आहे. तरी गिऱ्हाइकाला भाषण देऊ नये. गरम हवा देऊन हळू उघडावं आणि जमलं नाही तर तसं तोंडावर सांगावं. बिनवायरीच्या कंट्रोलरपेक्षा वायरीचा बरा, तो गाद्यांखाली हरवत नाही आणि ऐन वेळी मान टाकत नाही. पडदा भिंतीएवढा असला की खेळ चांगला होतो असंही नाही. आमचा पहिला टीव्ही ताटाएवढा होता, त्यावर आम्ही नवराबायको इतके भांडलो की शेजारच्यांनी येऊन दार वाजवलं. भांडण गाडी कोणी कठड्याला घासली यावरून होतं.

माझ्या दिरांसाठी. दुकान काढलं तेव्हा भावजी म्हणाले होते, “वहिनी, पोरखेळावर संसार होत नसतात.” त्यानंतर त्यांच्या घरातला प्रत्येक फोन, रिमोट आणि त्यांच्या मुलांची दोन्ही मशीनं याच पोरखेळाच्या टेबलावर नीट झाली, घरचं माणूस म्हणून फुकट. शेवटी त्यांनी गाडीच्या गेमचं एक स्टिअरिंग दुरुस्तीला टाकलं होतं, ते न्यायला काही आले नाहीत. ते मी त्यांना देते. ते चालू आहे. उजवीकडे जरा जास्त वळतं, पण तसे भावजीही वळतात.

कॅसेटी आणि डिस्क असलेली सगळी कपाटं मी माझ्या मुलाला देते. एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, त्यांना त्या काचेत मांडून ठेवायच्या आहेत, खोकीसुद्धा उघडायची नाहीत. त्यांना देऊ नये. गेम लावायचा असतो. मुलाला नको झाल्या तर ज्याच्याकडे खेळायची माणसं आहेत त्याला द्याव्यात. यांची खुर्चीही मुलाचीच. एका पायाखाली पुठ्ठा आहे, तो काढला की डुगडुगते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते कलम.

यांचा आजार वाढला तेव्हा यांना दुकानात बसणं होईना. मग एक मशीन मागच्या खोलीत ठेवलं, एक माझ्या काउंटरवर. डिस्क आणायला कोण जाणार, म्हणून हे गेम नेटवरूनच घेऊ लागले, स्वतःच्या खात्यावर. दोघांनी मिळून खेळायचा एक गेम आम्हाला आवडला. दोन हमाल असतात आणि त्यांना लोकांचं घरसामान हलवायचं असतं. एकाने सोफ्याचं एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि जिन्यावरून उतरवायचं. हे आतून ओरडायचे, “अगं डावीकडे, तुझ्या डावीकडे.” गिऱ्हाईक समोर उभं असायचं, त्याला वाटायचं की मागे खरोखर कुणी कपाट हलवतंय. मी गिऱ्हाइकाला पावती द्यायची आणि एका हाताने सोफा धरून ठेवायची. सकाळी यांच्या नावापुढे ठिपका लागला की समजायचं, रात्र पार पडली, जागे आहेत. आवाज देऊन उठवायची भीती वाटायची, ठिपक्याची वाट बघणं सोपं होतं. शेवटचं घर राहिलं. त्यात एक कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आहे, ते अजून तिथेच आहे.

हे गेल्यावर मी दाखल्याच्या नकला काढून सगळीकडे कळवलं. बँक, वीज, गॅस, वाचनालय. या गेमच्या कंपनीला कळवायचं सुचलं नाही. माझी शाळा लवकर सुटली, पुढचं वाचन मी गेमच्या खोक्यांतल्या पुस्तिकांवर आणि मग वाचनालयातल्या पुस्तकांवर केलं. त्यामुळे छापलेलं दिसलं की शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. “मान्य आहे” हे बटण दाबायच्या आधी मी अटी वाचत बसायची तेव्हा हे म्हणायचे, “गेम लावतेयस की पोरीचं लग्न ठरवतेयस?” पण यांच्या खात्याच्या अटी यांनी मान्य केल्या होत्या, मी नाही. त्या मी ठिपक्याच्या त्या सकाळनंतर वाचल्या. मग कंपनीत फोन लावला.

तिथल्या बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, “मॅडम, खातं त्या व्यक्तीपुरतंच असतं. वारसाला देता येत नाही. गेम विकलेले नसतात, वापरायला दिलेले असतात.”

“मग पैसे घेताना बटणावर ‘विकत घ्या’ असं का लिहिलं होतं?”

“ते मला नाही सांगता येणार, मॅडम.”

“तुम्हाला कुठे विचारतेय, बटण काही तुम्ही बनवलं नाही.”

“खातं कोणाचं आहे, मॅडम?”

“नंतर सांगते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ठिपका कोणाचा ते मला चहाचं भांडं उतरवतानाच कळलं होतं. यांचा पासवर्ड मुलाला ठाऊक होता. तो दूर नोकरीच्या गावी असतो, कामावर जायच्या आधी यांच्या नावाने आत जाऊन खेळतो. मी त्याला विचारलं तेव्हा तो लपवालपवी करत बसला नाही.

“आई, तुला त्रास होत असेल तर मी ठिपका दिसणारच नाही असं करतो. तशी सोय आहे.”

“म्हणजे चोरून.”

“चोरून काय त्यात? बाबांनीच दिलाय पासवर्ड.”

“ज्यांनी दिला ते नाहीत रे. कंपनीला कळवायला हवं.”

“कळवलंस की सगळं जाईल. त्यांनी जमवलेले सगळे गेम, त्यांचे सगळे विक्रम. तुमचं ते कपाटसुद्धा.”

“तुला गेम हवेत की बाबा?”

तो म्हणाला, “त्यांच्या नावाने आत गेलं की त्यांच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.”

“मग खुर्चीत बस की. तुझीच आहे. नावात नको बसूस.”

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून तो बहिणीला फोन करतो, मला करत नाही. थोरली मध्ये पडायला बघते, तिला मी सांगितलं की तू फोन उघड, आम्हाला उघडू नकोस. ठिपका मात्र रोज लागतो. त्याने लपवायची सोय वापरली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

मला त्याचा राग नाही हे इथे लेखी असावं. माझं म्हणणं एवढंच की माणूस गेला की तो सगळीकडून गेला पाहिजे. मी रोज सकाळी भांड्यात एक कप पाणी ठेवायला शिकले, ते सोपं नव्हतं. पडदा रोज उठून मला म्हणतो की हे जागे आहेत. हे खोटं मला चालणार नाही आणि ते मुलाने सांभाळत बसावं असंही वाटत नाही. आज तो आत जातो, उद्या कंपनीला आपसूक कळेल आणि त्याच्यासमोर दार बंद होईल, न सांगता. त्यापेक्षा आपण आपल्या हाताने बंद करावं. भाड्याच्या घरात राहिलो होतो, किल्ली नेऊन द्यायची.

म्हणून: यांचं खातं मी कुणालाही देत नाही. ते मी माझ्या हयातीत, स्वतः कळवून बंद करणार आहे. त्याआधीच माझं काही झालं तर थोरलीने बाकी कशालाही हात लावण्याआधी हे काम करावं. माझं स्वतःचं खातंही त्याच दिवशी बंद करावं. त्यावर फारसं काही नाही, सगळा वेळ मी यांच्याच गेममध्ये दुसरं टोक धरून होते.

मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी थोरलीला नेमते. माझ्या मागे दुकान एक दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये, दुरुस्तीला आलेल्या वस्तू लोकांच्या असतात.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांना यातून काही मिळत नाही, हे ऐकून शेजारचे घड्याळजी म्हणाले, “निदान चहा तरी मिळेल ना?” तो मिळाला.

सही: माझी, दुकानाच्या पावतीवर असते तीच.
साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी.
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई.
ठिकाण: दुकानामागची खोली.
तारीख: महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद असताना.

पुरवणी, दुसऱ्या दिवशीची. हिने वरची कुठलीही वाटणी बदलत नाही, म्हणून साक्षीदारांना पुन्हा तसदी दिली नाही.

आज सकाळी मी मुलाला फोन केला. म्हटलं, “आज कळवतेय. त्याआधी ते कपाट खाली आणायचंय. एक टोक धरतोस?”

तो म्हणाला, “कुठल्या नावाने?”

“यांच्याच. त्यांचं काम आहे, त्यांच्या नावावर पुरं होऊ दे. एवढ्यापुरतं चालेल.”

तो यांच्या नावाने गेममध्ये आला. कपाट दोनदा जिन्यावरून सुटलं आणि एकदा मीच भिंतीत अडकवलं. तो फोनवरून सांगत होता, “आई, डावीकडे.” मी म्हटलं, “कुणाच्या?” तो म्हणाला, “थांब, मीच वळतो.” कपाट खाली आलं, गाडीत चढलं. मग तो म्हणाला, “आई, शनिवारी येतो. खुर्ची न्यायची नाही, बसायला.” आणि तो यांच्या खात्यातून स्वतःच बाहेर पडला.

त्यानंतर मी यांच्या मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवला, खात्याचं नाव कळवलं आणि दुकान उघडलं.