बिनगिलाव्याचा चौकोन

३ सप्टेंबर, सोमवार

ज्यूंच्या देवळाची देवडी आज संपवली. चाळीस वर्षं तिथे फर्निचरची वखार होती, भिंतींची नुसती चाळण झालेली. शंभरेक भोकं बुजवली, वर चुन्याचे दोन हात दिले. इंजिनीअर हालमोश भिंतीवरून तळवा फिरवून म्हणाले, कुठे काय होतं ते आता शोधून सापडायचं नाही. रविवारी वाचनालय उघडणार. पाठ मोडली.

४ सप्टेंबर

लोवी काका आले. गावातले शेवटचे ज्यू, ब्याऐंशीचे. भिंतीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एटेल्का, इथला उघडा चौकोन कुठे गेला गं?"

कसला चौकोन? तर म्हणे, बांधताना हातभर जागेला मुद्दाम गिलावा करत नाहीत. यांचं जेरुसलेमचं मोठं देऊळ पाडलं होतं कधीकाळी, त्याची आठवण. मुद्दाम! बोटाएवढं भोक राहिलं तर माझा बाप माझ्या कानफटात द्यायचा.

मी सरळ सांगून टाकलं – मग बुजवला असेल मीच. वाटलं, चिडतील. तर बसले पिंपावर आणि माझ्या डब्यातल्या दोन पोगाचा, त्या खारट छोट्या पावरोट्या, खाल्ल्या. म्हणाले, रविवारच्या आत उकर, एवढं कर. त्या माणसाचं मला काही कळतच नाही.

५ सप्टेंबर

उकरू कुठे? शंभरातलं कुठलं? बोटांनी ठोकत सगळी देवडी फिरले. सगळीकडे एकच आवाज. काम चांगलं केलं तेच नडलं.

६ सप्टेंबर

हालमोश म्हणाले, कुठेही एक चौकोन उकर, म्हाताऱ्याला काय कळतंय. मी म्हटलं, तुमच्या आईच्या थडग्यावर शेजारणीचं नाव घातलं तर चालेल? तणतणत गेले.

पण खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. उघड्या विटा त्या, कुठल्याही सारख्याच. का चालू नये? आणि तरी नाही चालत. आज हातून काहीच काम झालं नाही.

७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच काकांच्या घरी जाऊन उभी राहिले. नीट आठवा, म्हटलं. म्हणाले, दारातून आत शिरलं की अगदी समोर, लहान मुलाच्या डोक्याच्या जरा वर.

समोर तर समोर. दाराकडे पाठ करून सरळ चालत गेले आणि तिथे उकरलं. आतल्या विटा वेगळ्याच! बाकीच्या देवळाच्या पिवळट, या लालभडक, नव्या. उकरत गेले तर वर कमान निघाली. म्हणजे ही भिंत नव्हेच – हेच जुनं दार, वखारवाल्यांनी विटा घालून बंद केलेलं.

मग जुन्या दाराला पाठ लावून उभी राहिले. समोर काय, तर आत्ताचं दार. कपाटांचे ट्रक लागावेत म्हणून अंगणाच्या बाजूला फोडलेलं, खालपासून वरपर्यंत भिंत आरपार काढून.

तिथे मी थापी लावलेलीच नाही. लावायला तिथे भिंतच नाही.

माझ्यावरचा आळ गेला. मग मला हलकं का वाटत नाही?

८ सप्टेंबर, शनिवार

काकांना आणून दाखवलं. जुनं दार इथे, चौकोन तिथे. मी नाही हो बुजवला, म्हटलं, तो केव्हाच गेला. हे दार फोडलं कोणत्या गाढवाने?

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मीच. त्रेपन्न साली. वखारीत हमाल होतो, साहेबाने पहार हातात दिली. चौकोन बाजूला राहिला असेल, असं म्हणत आलो इतकी वर्षं. तू म्हणालीस ना, मीच बुजवला म्हणून – एटेल्का, मला इतकं बरं वाटलं होतं."