बिननाकाच्या नाण्याला गुण नकोत

प्लम क्रॉसिंग, ओहायो
रविवार

प्रिय व्हर्नाताई,

टोपी काढून नमस्कार. (टोपीखाली आता काही उरलेलं नाही, तरी रीत ती रीत.) तुझा गुडघा कसा आहे? भावजी गवत कापायचं यंत्र अजून दुरुस्तच करतायत का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आमच्या नाणेमंडळात एकमेकांशी बोलणारे चौघे अजून शिल्लक आहेत.

कारण तुझं नाणं. बाबांनी बेकरी बंद केली त्या दिवशी तुझ्या हातावर ठेवलेलं, आणि तू विश्वासाने माझ्याकडे सांभाळायला दिलेलं. टांकसाळीत ठसा इतका हलका बसलाय की लिंकनसाहेबांचं नाक, कान, दाढी सगळं अंदाजाने ओळखायचं. मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात डेल्मर यूट्झी (तोच, शाळेत तुझ्या वेण्या ओढायचा) उठला आणि म्हणाला, हे नाणी पारखणाऱ्या कंपनीकडे पाठवू, सत्तरपैकी रीतसर गुण आणू. मी म्हटलं, "अरे, गुण झिजेवरून देतात. जे नाक उमटलंच नाही, ते झिजलं की नाही हे कुणाला विचारणार?"

"वरची झळाळी बघून कळतं," डेल्मर म्हणाला. "तुझ्या डोक्यावर केस नाहीत, तरी ते न वापरलेलं आहे हे कळतंच ना!"

सगळे हसले. ग्रोसनिकलबाईंना तर खाता खाता रुबार्बच्या गोड 'पाय'चा ठसका लागला. मग मी तत्त्वावर चाळीस मिनिटं बोललो. टांकसाळीच्या आळसाचे गुण बिचाऱ्या नाण्याला का, वगैरे. (शेवटी कॉफीही संपली.) मतं पडली सात-सात. तेव्हा ठरलं की नाण्याच्या मालकीणबाई (म्हणजे तू) सांगतील तसं करायचं.

तुझा धाकटा,
एल्वुड

ता. क. तेव्हा मंडळाला दोन ओळी लिही : 'तत्त्वतः गुण नकोत.' 'तत्त्वतः' विसरू नकोस.

ता. क. २. गेल्या ख्रिसमसला तू येणार म्हणून, नाक जरा वर येईल या आशेने, मी ते पितळेच्या पॉलिशने घासलं. (हो, मीच. भिंतीवरची 'नाणी घासू नयेत' ही पाटीही माझ्याच अक्षरातली.) नाक आलं नाही, टांकसाळीची झळाळी मात्र गेली; डेल्मरला दिसते ती पॉलिशची चकाकी. कंपनीचं भिंग हे एका नजरेत ओळखेल. ताई, मला खरंच फार लाज वाटते.

ता. क. ३. डेल्मर म्हणतो, निदान चौसष्ट मिळतील. मिळाले असते गं. पत्र मंडळाच्या पत्त्यावर पाठव. शिव्या वेगळ्या पाकिटात, घरच्या पत्त्यावर.